लॅपटॉप मेलेला नाही, त्याला रस्ता सापडत नाहीये

रात्रीचे साडेअकरा. उद्या सबमिशन. 'अपडेट झालंय, रीस्टार्ट करा' असं लॅपटॉप संध्याकाळपासून सांगत होता, ते तुम्ही आत्ता ऐकलंत. आणि समोर आली काळी स्क्रीन. त्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी आणि शेवटी लुकलुकणारा कर्सर. रूममेट येऊन बघतो आणि निकाल देतो, 'हार्ड डिस्क गेली.' दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.'

अपडेटनंतर लगेच उद्भवलेल्या प्रसंगात हे दोन्ही निकाल बहुतेक वेळा घाईचे असतात. तुमचा प्रोजेक्ट, फोटो, नोट्स सगळं डिस्कवर जिथल्या तिथे असतं. बिघडलेली असते ती एक छोटीशी नोंद: मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी कुठून उचलायची, याची. पण ती नोंद दुरुस्त करायला अर्धा तास शांतपणे बसावं लागतं आणि फॉरमॅट मारायला बसावं लागत नाही. म्हणून फॉरमॅट होतो आणि तीन वर्षांचं काम पुसलं जातं.

हा विषय आत्ताच का? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. घरातल्या मोठ्या भावंडाकडून आलेल्या किंवा सेकंडहँड घेतलेल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये ते नाही. अशांसमोर तीन वाटा आहेत. सिक्युरिटी अपडेटशिवाय तसंच वापरत राहायचं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव मुदतीत नाव घालायचं, किंवा लिनक्स टाकायचं. तिसरी वाट धरणारे बरेच जण विंडोज काढत नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. यालाच ड्युअल बूट म्हणतात. आणि 'अपडेटनंतर मशीन उठत नाही' हे दुखणं सगळ्यात जास्त त्रास देतं ते याच मशीनना.

बटण दाबल्यावर काय होतं?

पॉवरचं बटण दाबलं की आधी जागं होतं मदरबोर्डवरचं फर्मवेअर. आपण सवयीनं त्याला बायोस म्हणतो, नव्या लॅपटॉपमध्ये ते यूईएफआय असतं. त्याच्याकडे एक क्रमवारी असते: आधी याला उठव, तो नसेल तर पुढच्याला. त्या क्रमवारीत ज्याचं नाव असतं तो बूटलोडर. लिनक्सवर हा बहुतेक वेळा 'ग्रब' असतो. ग्रब डिस्कवरून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, शोधतो, मेमरीत चढवतो आणि पुढची सूत्रं त्याच्या हातात देतो. सोबत एक शिदोरीही देतो, तिचं नाव 'इनिटरामएफएस'. मुख्य डिस्क उघडण्यासाठी सुरुवातीला जे ड्रायव्हर लागतात ते या शिदोरीत बांधलेले असतात.

एसटी स्टँडवरचा कंट्रोलर डोळ्यांसमोर आणा. गाडी तो चालवत नाही. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, एवढंच त्याच्या वहीत असतं. कर्नल अपडेट होतो म्हणजे नवी गाडी नव्या फलाटावर येते आणि वहीत नवी नोंद करावी लागते. नोंद राहिली, चुकली किंवा अर्धवट झाली, तर गाडी धडधाकट असूनही सुटत नाही. ग्रबची ही वही म्हणजे 'ग्रब डॉट सीएफजी' नावाची फाइल. ती हातानं लिहायची नसते, प्रत्येक कर्नल अपडेटनंतर सिस्टिम ती स्वतः नव्यानं तयार करते. निदान तसं अपेक्षित असतं.

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, मधल्या काळात दुरुस्त्या येत राहतात. उबुंटूसारख्या डिस्ट्रोमध्ये सिक्युरिटी अपडेट तुम्ही काही न करताही आपोआप बसतात. म्हणजे ही वही वर्षातून कितीतरी वेळा, तुमच्या नकळत, पुन्हा लिहिली जाते. बहुतेक वेळा नीट लिहिली जाते, म्हणूनच आपल्याला तिचं अस्तित्व माहीत नसतं.

मग बिघडतं कुठे?

पहिली आणि अगदी घरगुती भानगड म्हणजे जागा. काही सेटअपमध्ये, विशेषतः डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू टाकलं असेल तर, 'बूट' हे वेगळं आणि छोटं पार्टिशन असतं. जुने कर्नल साठत जातात, ते भरतं, आणि नव्या कर्नलची शिदोरी बांधताना जागाच उरत नाही. मेन्यूत नवा कर्नल दिसतो, तुम्ही तो निवडता, आणि 'कर्नल पॅनिक' असा भयंकर वाटणारा संदेश येतो. त्याच ओळीत 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असं लिहिलेलं असतं. अर्थ एवढाच की कर्नल आला, पण शिदोरी नसल्यामुळे त्याला मुख्य डिस्क उघडता आली नाही.

दुसरी भानगड म्हणजे वही नवी आणि कंट्रोलर जुना. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्स आणि त्यावर आधारलेल्या एंडेव्हरओएसच्या अनेक वापरकर्त्यांना याचा फटका बसला. ग्रबचं पॅकेज अपडेट झालं, त्यानं तयार केलेल्या नव्या वहीत एका कमांडची नवी पद्धत आली, पण मशीन सुरू करणारी ग्रबची जी प्रत आधीपासून बसवलेली होती ती जुनीच राहिली. तिला नवी पद्धत कळेना. काही मशीन सुरू व्हायच्याऐवजी पुन्हा पुन्हा बायोसच्याच पानावर जाऊन थांबू लागली. उपाय होता ग्रब नव्यानं बसवून वही पुन्हा तयार करण्याचा. डेटाला धक्काही लागला नव्हता.

तिसरी, विंडोज मेन्यूतून गायब. जून २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ नं शेजारची ऑपरेटिंग सिस्टिम शोधण्याचं काम सुरक्षेच्या कारणानं आपणहून करणं बंद केलं. त्यानंतर कित्येकांच्या मशीनवर अपडेटनंतर मेन्यू नव्यानं तयार झाला आणि त्यात विंडोज नव्हतं. ते डिस्कवर होतं, यादीत नव्हतं. ग्रबच्या सेटिंगमधली 'ओएस प्रोबर'ची एक ओळ बदलून मेन्यू पुन्हा तयार केला की ते परत दिसतं.

चौथी याच्या उलट. विंडोजचं मोठं अपडेट झालं की कधी कधी फर्मवेअरच्या क्रमवारीत विंडोजचा बूटलोडर पुन्हा पहिल्या नंबरवर जाऊन बसतो. मशीन थेट विंडोजमध्ये जातं आणि लिनक्स 'उडालं' असं वाटतं. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला की काम झालं.

ऑगस्ट २०२४ मध्ये काय झालं होतं?

आतापर्यंतच्या भानगडी तांत्रिक होत्या. पण बूटलोडरचा प्रश्न हळूहळू हक्काचाही होत चाललाय. १३ ऑगस्ट २०२४ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजचं मासिक सिक्युरिटी अपडेट सोडलं. त्यानंतर जगभरातल्या ड्युअल बूट मशीनवर लिनक्स निवडताच संदेश येऊ लागला की 'शिम'ची एसबॅट तपासणी अयशस्वी झाली, काहीतरी गंभीर बिघडलंय, आणि मशीन बंद. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या. गंमत म्हणजे बऱ्याच जणांचे दुरुस्तीसाठी ठेवलेले लिनक्सचे पेनड्राइव्हसुद्धा चालेनात.

का, ते समजून घेऊ. सिक्युअर बूट चालू असेल तर फर्मवेअर फक्त सही असलेला बूटलोडरच चालू देतं. लिनक्ससाठी 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. शिम ग्रबला तपासतो, ग्रब कर्नलला. एसबॅट म्हणजे यातल्या सदोष आवृत्त्या बाद करायची यंत्रणा: या क्रमांकाच्या खालचा बूटलोडर चालवायचा नाही, असा नियम. ग्रबमध्ये २०२२ साली जाहीर झालेली एक त्रुटी वापरून सिक्युअर बूट चुकवता येत होतं. ते दार बंद करायला मायक्रोसॉफ्टनं हा नियम अपडेटमधून पाठवला. ड्युअल बूट मशीनना तो लागू होणार नाही, असं कंपनीनं म्हटलं होतं. पण सगळी ड्युअल बूट मशीन ओळखली गेली नाहीत.

म्हणजे हेतू बरोबर होता. दोषही एकट्या मायक्रोसॉफ्टचा नव्हता, कारण त्रुटी जाहीर होऊन दोन वर्षं होत आली तरी जुने बूटलोडर वापरात होतेच. पण फटका कोणाला बसला बघा. ज्यानं शेजारच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट फक्त 'ओके' केलं, त्याला. तात्पुरता उपाय होता सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये जाऊन तो नियम पुसा, सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. पुढच्या महिन्यापासून कंपनीनं अपडेटमधून तो नियम वगळला, पण प्रश्न पूर्ण सुटल्याचं जाहीर व्हायला मे २०२५ उजाडला. नऊ महिने. एका विद्यार्थ्याच्या हिशेबात दीड सेमिस्टर.

आणि 'आम्ही लिनक्स वापरत नाही, आम्हाला काय' असं म्हणू नका. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथेही डेटा शाबूत होता, मशीन सुरू होण्याच्या टप्प्यावर अडकत होती. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणं, फक्त तो मशीनपाशी जाऊन, एकेका मशीनवर करावा लागत होता.

आधी वाचा, मग हात लावा

तर तुमच्या समोर काळी स्क्रीन आहे. काय कराल? पहिलं काम, फोननं तिचा फोटो काढा. मशीन कुठपर्यंत पोचून थांबलंय, यावरून निम्मं निदान होतं. कंपनीचा लोगो येऊन थेट विंडोज सुरू झालं, तर क्रमवारी बदललीय. 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून आलं, तर ग्रबला स्वतःच्याच फाइल सापडत नाहीयेत. विंडोजमधून पार्टिशन उडवलं किंवा हलवलं की हे होतं. मेन्यू आला आणि मग कर्नल पॅनिक, तर शिदोरीचा घोळ. मेन्यू आला, कर्नल सुरू झाला आणि मग नुसती काळी स्क्रीन, तर बूटलोडरनं त्याचं काम केलंय. संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्या. आणि 'सिग्नेचर' किंवा 'पॉलिसी' हे शब्द दिसले, तर प्रश्न सिक्युअर बूटचा आहे.

दुसरं, जुना कर्नल. उबुंटू, मिंट, फेडोरा नवा कर्नल बसवताना जुना लगेच फेकून देत नाहीत. फेडोरा तर साधारण तीन ठेवतो. मशीन सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे ग्रबचा मेन्यू येईल. एस्केप जास्त वेळा दाबलं तर नुसती 'ग्रब' अशी ओळ येते. घाबरू नका, 'नॉर्मल' ही कमांड इंग्रजीत टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदा एस्केप. मेन्यूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा आणि आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडा. नव्या कर्नलचाच घोळ असेल तर मशीन इथे सुरू होतं. सबमिशन आधी करून टाका, दुरुस्ती नंतर.

आत शिरल्यावर 'बूट' पार्टिशनमध्ये जागा आहे का ते बघा. जुने कर्नल काढायचे तर पॅकेज मॅनेजरच्या 'ऑटोरिमूव्ह'नं काढा, फाइल हातानं डिलीट करू नका, नाहीतर वही आणि फलाट यांचा मेळ पुन्हा बसणार नाही. मग उबुंटू किंवा डेबियन घराण्यात 'अपडेट-इनिटरामएफएस' ही कमांड देऊन शिदोरी बांधा आणि 'अपडेट-ग्रब'नं वही नव्यानं लिहा. फेडोरावर कमांडची नावं वेगळी आहेत, कामं हीच.

तिसरं, जुना कर्नलही चालला नाही तर पेनड्राइव्हवरचं लाइव्ह लिनक्स. यात मशीन पेनड्राइव्हवरून सुरू होतं, डिस्कला हात लागत नाही. इथे पहिलं काम दुरुस्तीचं नाही, कॉपीचं. दुसरी हार्ड डिस्क लावा आणि महत्त्वाचं सगळं काढून घ्या. मगच मूळ सिस्टिमचं पार्टिशन जोडून ग्रब पुन्हा बसवा. कमांडची भीती वाटत असेल तर 'बूट रिपेअर' हे साधन यातलं बरंचसं काम बटणावर करतं.

एक धोक्याची सूचना. विंडोजवर बिटलॉकर चालू असेल तर सिक्युअर बूट किंवा बूटची सेटिंग बदलण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की काढून ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ती नसेल तर मात्र डेटा खरोखर हातचा जाऊ शकतो.

पुढची तारीख: जून २०२६

सिक्युअर बूटमध्ये ज्या सर्टिफिकेटच्या आधारे सह्या तपासल्या जातात ती २०११ सालची आहेत आणि त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते. लिनक्सच्या शिमवर ज्या सर्टिफिकेटनं सही होते, ते याच पहिल्या खेपेत आहे. लगेच घाबरायचं कारण नाही. मुदत संपली म्हणून चालू मशीन त्या दिवशी बंद पडणार नाही. आधीची सही फर्मवेअर मान्य करत राहील. अडचण पुढे आहे. यापुढचे बूटलोडर फक्त २०२३ च्या नव्या सर्टिफिकेटनं सही होऊन आले आणि तुमच्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये ते सर्टिफिकेट पोचलेलंच नसेल, तर सिक्युअर बूट चालू ठेवून ते चालणार नाहीत. विंडोजवर ही सर्टिफिकेट अपडेटमधून येतायत, लिनक्सवर फर्मवेअर अपडेट करणाऱ्या साधनातून. पण ज्या लॅपटॉपला कंपनीनं फर्मवेअर अपडेट द्यायचं कधीच सोडून दिलंय, त्यांचं काय? नेमके तेच लॅपटॉप विद्यार्थ्यांच्या हातात आहेत.

म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांचा राहिलेला नाही. मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी. आमच्या शाखेत व्हिडिओ एडिटिंग शिकवतात, डेटा जर्नलिझम शिकवतात. मशीन सुरू झालं नाही तर पहिली पाच मिनिटं काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. कॉमर्स आणि आर्ट्सच्या लॅबमध्येही वेगळं चित्र असेल असं वाटत नाही. जुनी मशीन टाकून देण्यापेक्षा लॅबमध्ये लिनक्स टाकणं हा कॉलेजसाठी शहाणपणाचा आणि स्वस्त निर्णय आहे. पण तो घेताना तीन गोष्टी सोबत हव्यात: आधी एकाच मशीनवर अपडेट करून बघायची शिस्त, प्रत्येक लॅबमध्ये एक तपासलेला लाइव्ह पेनड्राइव्ह आणि तो वापरता येणारा एक माणूस. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चालवून दाखवलंय, कारण त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही मिळतात. साहित्य आहे, वेळापत्रकात एक तास हवा.

आणि यातून 'अपडेटच बंद करून टाकू' असा धडा कृपा करून घेऊ नका. कर्नलची अपडेट येतात ती सुरक्षेची भोकं बुजवायला. ती थांबवणं म्हणजे कडी नीट लागत नाही म्हणून दारच काढून टाकणं. वेळ मात्र निवडा. सबमिशनच्या आदल्या रात्री रीस्टार्ट नको, शनिवारी सकाळी करा. बॅकअप आधीच घ्या.

या आठवड्यात एवढं करा: एका पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स टाका, तो तुमच्या मशीनवर खरोखर सुरू होतो का ते एकदा बघा आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणालं, तर त्याला विचारा, 'स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय?' उत्तर देता आलं नाही, तर लॅपटॉप घेऊन सरळ घरी या.